नळीच्या पाठीमागचा गंज

"डॉक्टर, सकाळी उठलं की डोकं जड असतं. बाहेर पडलं की बरं वाटतं." अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी झोपेबद्दल विचारतो, रक्तदाब बघतो, चष्म्याचा नंबर कधी तपासला ते विचारतो, मग घरातले ताणतणाव. हा माझा अनेक वर्षांचा ठरलेला क्रम. गेल्या नोव्हेंबरमध्ये ही तक्रार माझी स्वतःची होती. तोच क्रम मी स्वतःला लावला आणि तीन दिवस चुकत राहिलो. माझ्याबरोबर आणखी एकीला मी चुकीचा सल्ला देत होतो, आणि ती गरोदर होती. नेहमी इथे मी तुमच्या आजारांबद्दल लिहितो. आज हे लिहितो आहे, कारण आपल्याकडे थंडी सुरू झाली आहे.

लेकीच्या पदवीदान समारंभासाठी मी लंडनला गेलो होतो. समारंभ झाल्यावर आठवडाभर भाच्याकडे राहायचं ठरलं. भाचा आणि भाचेसून दोघंही नोकरी करतात, पण लंडनमधल्या घरांची भाडी परवडेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी बोट विकत घेतली आणि तिच्यातच संसार मांडला. माझ्या बहिणीला हे सांगताना त्याला बराच घाम फुटला होता म्हणे. तिच्या डोळ्यांसमोर मांडव्याची लाँच आली असावी.

प्रत्यक्षात ही बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी आगगाडीची बोगी. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे माल वाहून नेण्यासाठी कालवे खोदले, त्यांतल्या बऱ्याच कालव्यांवरची लॉक जेमतेम सात फूट रुंद. म्हणून बोटीही सहा फूट दहा इंच रुंद, आणि लांबी मात्र साठ-सत्तर फुटांपर्यंत. माल आता ट्रकने जातो, बोटीत माणसं राहतात. ज्यांच्याकडे बांधून ठेवायची कायमची जागा नाही, त्यांना एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पुढे सरकावं लागतं. मी गेलो तेव्हा बोट ग्रँड युनियन कालव्यावर बर्कमस्टेड गावाजवळ होती. पायवाटेवर पिवळी पानं पडलेली, पाण्यात बदकं. पाच मिनिटांवर रेल्वे स्टेशन. भाचा सकाळी सातची गाडी पकडून लंडनला जायचा.

बोट पोलादी, आत लाकडी तक्तपोशी. पुढच्या बाजूला बैठकीची खोली, तिच्यात एका कोपऱ्यात बिडाची शेगडी. कोळसा आणि लाकूड दोन्ही चालणारी. शेगडीच्या डोक्यावरून पाच इंच व्यासाची काळी नळी सरळ वर छताला जाते, छतात बसवलेल्या बिडाच्या कड्यातून बाहेर पडते आणि तिच्यावर बाहेरून एक बुटकं धुराडं ठेवलेलं असतं. बुटकं अशासाठी, की कालव्यावरचे पूल ठेंगणे. या एका शेगडीवर सगळी बोट उबदार राहते. रात्री झोपताना तिच्यात कोळसा भरायचा, हवेच्या झडपा जवळजवळ बंद करायच्या, म्हणजे निखारे सकाळपर्यंत धुमसत राहतात. माझं अंथरूण त्याच खोलीत होतं. पहिल्या रात्री मी त्या तांबड्या काचेकडे बघत झोपलो आणि बायकोला फोनवर सांगितलं, "अगं, आजोळच्या चुलीपुढे झोपल्यासारखं वाटतंय."

पहिल्या सकाळी डोकं दुखत होतं. प्रवास आणि वेळेतला फरक, असं म्हणून मी पॅरासिटामॉल घेतली. कालव्याकाठी तासभर चालून आलो, बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी डोकं जास्त जड, थोडी मळमळ. आदल्या रात्रीच्या छोल्यांवर त्याचं खापर फोडलं. तिसऱ्या सकाळी उठून उभा राहिलो तर पायांत जीव नसल्यासारखं झालं. वय, म्हटलं.

भाचेसूनला तिसरा महिना होता. ती सकाळी उठायची ती कपाळ धरूनच. उलटी, गरगरणं, थकवा. "मामा, एवढं डोकं दुखतं का हो या दिवसांत?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अगं, हार्मोन्स बदलतात, पोट रिकामं राहतं. उठल्या उठल्या दोन बिस्किटं खा, पाणी भरपूर पी." सल्ला पुस्तकात आहे तसाच होता. भाच्याचंही डोकं दुखायचं, पण त्याचं म्हणणं, ऑफिसमधली पहिली कॉफी झाली की उतरतं.

तीन माणसं, एक छत, एकच तक्रार, आणि तिघांनाही बाहेर पडल्यावर बरं वाटतंय. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत माझ्यासमोर एवढं वर्णन वाचलं असतं आणि निदान सांगितलं नसतं, तर मी त्याला नापास केलं असतं.

एक गोष्ट मी केली, आणि तीच मला जास्त महागात पडली असती. करोनाच्या काळापासून माझ्या बॅगेत पल्स ऑक्सिमीटर असतो. तिसऱ्या दिवशी तो भाचेसूनच्या बोटाला लावला. ९८ टक्के. माझ्या बोटाला लावला. ९७. "ऑक्सिजन छान आहे आपल्या सगळ्यांचा," असं मी जाहीर केलं. हे यंत्र इथे का फसलं ते पुढे सांगतो.

त्याच दिवशी तिची गरोदरपणाची नावनोंदणीची तपासणी होती. तिकडे हे काम मिडवाइफ करते, म्हणजे प्रसूतीशास्त्र शिकलेली परिचारिका. उंची, वजन, रक्तदाब, रक्त, आणि त्याबरोबर प्रत्येक गरोदर बाईला एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला सांगतात. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते हे यंत्र दाखवतं. मुख्य हेतू सिगारेटचा. चारच्या आत आकडा असला की ठीक. भाचेसूनचा आला चौदा.

ती बोटीवर परतली ती रडवेली होऊन. "मामा, तिनं मला दोनदा विचारलं, सिगारेट ओढता का, घरात कोणी ओढतं का. मी नाही म्हटलं तर मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही. मग हातात हे पत्रक दिलं, गॅसचा बॉयलर तपासून घ्या म्हणून. आपल्याकडे बॉयलर कुठे आहे?"

मी पत्रक हातात घेतलं. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द मी वाचला, मग शेगडीकडे पाहिलं.

इथे माझ्या हातून आणखी एक चूक झाली. निदान डोक्यात आल्याक्षणी मी टॉर्च घेऊन शेगडीपाशी गुडघ्यावर बसलो आणि नळी कुठे फुटली आहे ते शोधू लागलो. माणूस डॉक्टर असला तरी आधी कुतूहल जागं होतं. खरं म्हणजे तिला घेऊन तत्क्षणी बाहेर पडायला हवं होतं. हे भान आणून दिलं ते शेजारच्या बोटीवरच्या एका गृहस्थांनी. सत्तरीचे, तीस वर्षं बोटीवर राहिलेले, आधी फिटरचं काम केलेले. रडण्याचा आवाज ऐकून ते डोकावले, मी दोन वाक्यांत सांगितलं, आणि ते अक्षरशः ओरडले, "आधी बाहेर या! नळी कुठे पळून जात नाही."

आम्ही पायवाटेवर आलो. त्यांनी आपल्या बोटीवरचा आकडा दाखवणारा अलार्म आणला आणि दारातून हात लांब करून आत धरला. बराच वेळ काही वाजलं नाही, पण पडद्यावरचा आकडा साठच्या वर चढला. हे अलार्म कमी पातळीला लगेच वाजत नाहीत. काही तास त्या हवेत राहिलं तर धोका आहे, असा हिशेब त्यांच्यात असतो. आम्ही तर रात्रभर राहत होतो.

"तुमचा अलार्म कुठे आहे?" त्यांनी विचारलं. भाचेसून गप्प. अलार्म स्वयंपाकघरातल्या खणात होता. ऑक्टोबरमध्ये तो दर मिनिटाला एकदा 'टुक' असा आवाज करायला लागला, नवी बॅटरी घालूनही थांबेना, म्हणून भाच्याने काढून ठेवला होता. नवा मागवायचा राहिला. ते 'टुक' म्हणजे आतलं संवेदक संपलं, मला बदला, असा निरोप होता. या अलार्मचं आयुष्य काही वर्षांचंच असतं, पाठीवर तारीख छापलेली असते. इंग्लंडमध्ये राहत्या बोटींवर हा अलार्म २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचा आहे. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१३ मध्ये, विंडरमियर तलावावर एका बोटीत जनरेटरच्या धुराने एक आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी झोपेतच गेल्या होत्या.

रुग्णालयात पोचेपर्यंत आम्हाला मोकळ्या हवेत दोनेक तास झाले होते. तरीही रक्तात कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन तिच्या बाबतीत सहा टक्के आणि माझ्या बाबतीत नऊ टक्के निघालं. सिगारेट न ओढणाऱ्याचं ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असायला हवं. माझं जास्त, कारण मी शेगडीजवळ झोपायचो आणि दिवसाही तिच्यासमोर वाचत बसायचो. तिची सकाळ तपासणीसाठी बाहेर गेली होती. ती पहाटे किती असेल, हा विचार मी त्या संध्याकाळी खूप केला. दोघांनाही घट्ट मास्कमधून शंभर टक्के ऑक्सिजन लावला. मला चार तासांनी सोडलं, तिला रात्रभर ठेवलं.

तिला जास्त वेळ का, ते समजून घ्या. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे ऑक्सिजन वाहणारं वाहन. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जवळीक ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट जास्त. तो एकदा आसनावर बसला की उठत नाही, शिवाय शेजारच्या आसनांवरच्या ऑक्सिजनलाही उतरू देत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन असतो, पण मेंदूला आणि हृदयाला मिळत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार ते सहा तासांनी त्यातला अर्धा निघून जातो. शुद्ध ऑक्सिजनवर हाच काळ साधारण तास-दीड तासावर येतो. पण गर्भाच्या रक्तातून तो आईच्या रक्तापेक्षा सावकाश निघतो. आईला बरं वाटू लागलं तरी बाळाचं काम संपलेलं नसतं.

आणि पल्स ऑक्सिमीटर? तो बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लाल दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. हे मला एमडीच्या अभ्यासात शिकवलं होतं, मी पुढे इंटर्न्सना शिकवलंही आहे. बोटीवर मात्र आठवलं नाही.

हा वायू रंगहीन, त्याला वास नाही, चव नाही, नाक-घशाला तो झोंबत नाही. धूर झोंबतो म्हणून आपण खिडकी उघडतो. याचं तसं नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते, आणि खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी न्यावेत ही कल्पना त्याचीच. पक्ष्याला माणसाआधी भोवळ येते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत हे कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. (या हॉल्डेनचा मुलगा, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. हे जाता जाता.) आमच्या बोटीवर पक्षी नव्हता. पण इतरांच्या आधी जिला सर्वांत जास्त त्रास होत होता, तिला मी बिस्किटं खायला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी शेगडी पूर्ण गार झाल्यावर, सगळी दारं-खिडक्या उघड्या ठेवून, शेजारच्या काकांनी नळी तपासली. पुढून बघितली तर नळी काळी, तुकतुकीत. भाच्याने उन्हाळ्यातच तिला उष्णतेला टिकणारा रंग दिला होता. काकांनी माझ्या हातात टॉर्च दिला, स्वतः दाढी करायचा आरसा नळीच्या मागे धरला आणि म्हणाले, "आता बघा." छताच्या कड्याखाली चार बोटांवर, भिंतीकडच्या बाजूला, रंग फुगला होता आणि त्यावरून तपकिरी डांबराचा ओघळ खाली आला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने नळी खालून वर ठोकत नेली. खाली 'टण टण' वाजत होतं. ओघळापाशी आवाज बद्द झाला. मग त्यांनी टोक हलकेच दाबलं, आणि ते पापडात जावं तसं आत गेलं. शेजारी आणखी दोन भोकं होती, मसुरीच्या डाळीएवढी.

वैद्यकीय महाविद्यालयात आमचे एक सर होते. छाती तपासून झाली असं विद्यार्थ्याने म्हटलं, की ते फक्त विचारायचे, "आणि पाठ?" न्यूमोनिया बऱ्याचदा पाठीकडूनच ऐकू येतो. पण रुग्णाला उठवून बसवायचा कंटाळा असतो ना.

नळी नेमकी तिथेच का गंजली? कोळशाच्या धुरात गंधक असतं आणि पाण्याची वाफ असते. नळीचा वरचा भाग बाहेरच्या थंडीजवळ असल्यामुळे ही वाफ तिथे थंड होऊन आतून घामासारखी सुटते, आणि गंधकामुळे हे पाणी आम्लधर्मी होतं. शेगडी तापलेली असते तोवर ते टिकत नाही. खरं नुकसान होतं उन्हाळ्यात. शेगडी चार-पाच महिने बंद, आत काजळी तशीच, वरच्या धुराड्यातून पावसाचं पाणी उतरतं, आणि ओली काजळी पोलादाला आतून खात बसते. भाच्याने उन्हाळ्यापूर्वी नळी झाडली नव्हती आणि धुराड्यावर झाकण घातलं नव्हतं. बाहेरून रंग मात्र दिला होता.

माझ्या मनात एक शंका होती. आठ-आठ तास शेगडी धडाडून पेटलेली असायची, संध्याकाळी आम्ही तिघं तिच्यासमोर बसायचो, तेव्हा काही होत नव्हतं. मग सकाळीच डोकं का दुखायचं? काकांनी ते फार छान समजावलं. आग जोरात असली की गरम हवा वेगाने वर जाते, नळीत ओढ तयार होते. त्या वेळी भोकातून धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवाच भोकातून नळीत ओढली जाते. रात्री झडपा बंद केल्या की आग मंदावते, नळी गार पडते, ओढ संपते. बुटक्या धुराड्यात ती मुळातच कमी. मग नळीतला वायू मिळेल त्या भोकातून खोलीत येतो. आणि नेमक्या त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त तयार होत असतो. निखाऱ्यांवर निळ्या ज्वाळा नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. तो कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. हवा कमी पडली की निळी ज्वाळा विझते आणि तो न जळता तसाच निघतो. म्हणजे शेगडी जितकी शांत, सुंदर, तांबूस दिसत होती, तितकी ती घातक होती. धूररहित कोळसा असल्यामुळे वासही नव्हता.

भाचा रजा घेऊन आला होता, मान खाली घालून. त्याचा प्रस्ताव असा, की भट्टीचं सिमेंट मिळतं, त्याने भोकं लिंपून टाकू, हिवाळा निघेल. काकांनी साफ नकार दिला. भोकाभोवतीचा पत्राच पातळ झालेला, सिमेंट धरणार कशाला? नळी तापली की फुगते, गार झाली की आकसते, बोटीचं इंजिन सुरू झालं की सगळं थरथरतं. चार दिवसांत लिंपण तडकणार, आणि तेही मागच्या बाजूला, कुणाला न दिसता. भोक सांध्यात असतं तर गोष्ट वेगळी. सांधा उकरून पुन्हा भरता येतो. गंजलेली नळी बदलायची. मला हे लगेच पटलं. पोट दुखतंय म्हणून फक्त वेदनाशामक मागणारे रुग्ण आठवले.

पुढचे दोन दिवस मी एका कामगाराचा मदतनीस होतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती. बाहेरचं धुराडं उचलून काढलं. कड्यातलं जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने हळूहळू फोडलं. बीड ठिसूळ, जोरात घाव बसला तर कडंच तडकतं. नळी फिरवत फिरवत शेगडीच्या गळ्यातून सोडवली. खाली वर्तमानपत्रं अंथरली होती तरी काजळीने आम्ही तिघं होळी खेळल्यासारखे झालो. काढलेली नळी हातात घेतली तर वरच्या टोकाला ती अंगठ्याने वाकत होती. नवी नळी पाच मिलिमीटर जाड पोलादाची, वजनाने चांगलीच भारी. ती मापाला कापून आणली. शेगडीच्या गळ्यात बसवताना तिच्याभोवती काचतंतूंची दोरी गुंडाळली आणि मग वरून भट्टीचं सिमेंट भरलं. नुसतं सिमेंट भरलं तर नळी फुगायला जागा राहत नाही, दोरी ती जागा देते. वर कड्यातही तसंच, आणि पावसासाठी सर्वांत वर उष्णतेला टिकणारं सिलिकॉन, कारण ते लवचिक राहतं.

सिमेंट वाळायला पूर्ण एक दिवस दिला. त्या रात्री भाचा घाईला आला होता, बाहेर तीन अंश तापमान होतं. पण आम्ही ती रात्रही गावातल्या खानावळीच्या वरच्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी आधी छोटी आग, मग थोडी मोठी. मग काकांनी शेगडीत धुराची एक गोळी टाकली. दाट पांढरा धूर येतो तिचा. दार बंद करून आम्ही चौघं टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याकडे टक लावून बसलो. पाठीमागे आरसा धरायचं काम माझ्याकडे होतं. धूर फक्त वर गेला. दोन नवे अलार्म लागले, एक बैठकीत आणि एक झोपायच्या खोलीत, साधारण डोक्याच्या उंचीवर. मग शेगडीत रात्रीचा कोळसा भरला, झडपा मिटल्या आणि आकडा बघत बसलो. शून्य. सकाळी सहाला शून्य. माझं डोकंही दुखत नव्हतं. चहा मात्र त्या दिवशी भाच्याने केला आणि तो भयंकर होता.

बोटीला दर चार वर्षांनी सुरक्षिततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि भाच्याकडे ते होतं, दीड वर्षापूर्वीचं. मी त्यावर काकांकडे कुरकुर केली. ते म्हणाले, "प्रमाणपत्र ज्या दिवशी दिलं त्या दिवसाचं असतं. नळी रोज गंजते." माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट दाखवून आज छातीत दुखत असताना निश्चिंत असणारी माणसं येतात. त्यांना मीही साधारण हेच सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, इंग्लंडमधल्या बोटीच्या नळीचं आम्हाला काय? परतीच्या विमानात मी तुमचाच विचार करत होतो. ब्रिटनमध्ये अशा रुग्णाला डॉक्टरांनी विचारायचे चार प्रश्न ठरलेले आहेत. घरातल्या इतरांनाही तोच त्रास आहे का? बाहेर गेल्यावर बरं वाटतं का? जळणाच्या उपकरणाची देखभाल झाली आहे का? अलार्म आहे का? मी हे प्रश्न आपल्याकडे किती वेळा विचारले होते? बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद करून निखाऱ्यांची शेगडी ठेवलेली मी गृहभेटींत पाहिली आहे, आणि "धूर नको, बाळाला खोकला होईल" एवढंच बोलून बाहेर पडलो आहे. खोलीत धूर नव्हता, नुसते लालबुंद निखारे होते, म्हणून एकदा तर मी कौतुकही केलं होतं. महाबळेश्वरच्या थंडीत हॉटेलच्या खोलीत किंवा तंबूत बार्बेक्यूची शेगडी आत घेऊन झोपणं हा तोच प्रकार. आणि आपल्याकडचं सर्वांत मोठं संकट म्हणजे कोंदट बाथरूममधला गॅस गीझर. दोन-तीन मीटरच्या खोलीत, दार-खिडकी बंद, गीझर पंधरा-वीस मिनिटं चालू. आधी ऑक्सिजन कमी होतो, मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड साठतो. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा. स्वयंपाकघरात लावलेला गॅसगळतीचा अलार्म इथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा असतो, मागताना नाव नीट सांगा. आणि कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, रुग्णालयात गेल्यावर "गीझर चालू होता" हे स्वतःहून सांगा. ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी सांगा.

विमानातच मला एक मुलगी आठवली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) कॉलेजात शिकणारी, दोन हिवाळ्यांत दोनदा बाथरूममध्ये पडलेली, दुसऱ्या वेळी हातपाय झटकलेले. मेंदूचा आलेख नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. दोन झटके आले म्हणून मी फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. दीड वर्ष चालू होत्या. त्या गोळ्यांमुळे ती सुस्त झाली होती, गाडी चालवणं बंद केलं होतं, आणि घरात तिच्या लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट सांगायची की लपवायची यावर वाद होते.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तिचे कागद काढले. दोन्ही वेळा सकाळ. दोन्ही वेळा बाथरूम. माझ्याच अक्षरात होतं. गीझरचा उल्लेख कुठेही नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. तिच्या वडिलांना फोन लावला.

"बाथरूममध्ये गीझर कोणता आहे हो?"

"गॅसचा. का, डॉक्टर?"

"आतच बसवलाय?"

"आतच. दोन वर्षं झाली बसवून. रविवारी पोरगी केस धुवायला तासभर आत असते."

मी त्यांना गीझर तेवढ्यापुरता बंद करायला सांगितलं आणि गोळ्या मात्र मनाने थांबवू नका, असं दोनदा बजावलं. अचानक थांबवल्या तर खरीच फिट येऊ शकते. मग तिला घेऊन बोलावलं, मेंदूविकारतज्ज्ञांना पत्र लिहिलं, त्यात माझी चूकही लिहिली. त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि तीन महिन्यांत गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. गीझर आता मागच्या गॅलरीत आहे. हा हिवाळा तिने गोळ्यांशिवाय सुरू केला आहे.

भाचेसूनला जूनमध्ये मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम. उन्हाळ्याआधी भाच्याने नळी झाडून धुराड्यावर झाकण घातलं, त्याचा फोटो मला पाठवला. मी उलट विचारलं, "पाठीमागून बघितलीस का?" अर्ध्या तासाने आरशाचा फोटो आला.